नवा बोर्ड, जुनी लायब्ररी आणि भिंतीतली वायर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गिरगावात एका जुन्या ट्रस्टच्या इमारतीत तळमजल्यावर दप्तरखाना आहे. हस्तलिखित पोथ्या, पेढ्यांच्या कीर्द-खतावण्या, बंद पडलेल्या मासिकांच्या बांधीव फायली. संस्थेची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच आहे.

कागदाला मुंबईचा पावसाळा सोसत नाही. खोलीतली सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते, आणि जुलैत बाहेरची हवाच ८० ते ९० टक्क्यांची असते. म्हणून काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने प्रोजेक्ट म्हणून इथे छोटी यंत्रणा बसवून दिली होती. रास्पबेरी पाय ३ (एका छोट्या बोर्डावरचा संगणक), तीन कोपऱ्यांत आर्द्रता-तापमान मोजणारे तीन डीएचटी२२ सेन्सर आणि एक रिले, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच. दर पाच मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी लिनक्सची सोय) एक पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवायचा. आर्द्रता ६२ च्या वर गेली की रिले डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालू करी, ५५ च्या खाली आली की बंद. सगळी नोंद सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये. बोर्डाच्या मेमरी कार्डावर बस्टर ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तिच्यासोबत येणारं पायथन ३.७.

हे सगळं इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. तो विद्यार्थी नोकरीला लागून मुंबईबाहेर गेला. मागे राहिली ती कार्डावरची स्क्रिप्ट. कोणती लायब्ररी (स्क्रिप्ट वापरते तो दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), कोणती आवृत्ती, कोणती वायर कुठून जाते, याचा एक कागद नाही. लाखमोलाचा दप्तरखाना सांभाळणाऱ्या यंत्रणेचंच दप्तर नव्हतं.

अडचण

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वीज दोन-तीनदा गेली-आली आणि सकाळी बोर्ड गेलेला होता. संस्थेचे कार्यवाह, ज्यांना तिथे सगळे काका म्हणतात, स्वतः लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले आणि दुकानात होता तो सगळ्यात नवा बोर्ड, रास्पबेरी पाय ५, घेऊन आले. जुनं कार्ड त्यात घातलं. काहीच सुरू झालं नाही. होणारही नव्हतं, कारण पाय ५ ला किमान बुकवर्म, म्हणजे डेबियन १२ या लिनक्सवर बेतलेली सिस्टिम लागते. बस्टरला हा बोर्ड ठाऊकच नाही.

ग्रंथपाल बाईंचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने नव्या कार्डावर बुकवर्म टाकली, जुनी स्क्रिप्ट आणली आणि लायब्ररी बसवायला घेतली. तिथून एकामागून एक एरर. प्रत्येक एररवर नेटवर जो पहिला उपाय मिळेल तो करत तो बराच पुढे गेला, आणि मग त्या कार्डावर नक्की काय काय झालंय हे त्यालाही सांगता येईना. तेव्हा मला बोलावणं आलं.

काकांचा पहिला प्रश्न रास्त होता: "जुन्यापेक्षा महाग बोर्ड घेतला, मग जुनं काम त्याच्यावर का होत नाही?"

पहिला निर्णय: आधी खोली, मग कोड

लॅपटॉप उघडण्याआधी डीह्युमिडिफायरचा प्लग रिलेतून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. त्या यंत्राला स्वतःचा आर्द्रतेचा डायल होता, तो मध्यावर ठेवला. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, म्हणून संध्याकाळी टाकी रिकामी करण्याचं काम शिपायांकडे दिलं. त्या डायलवर माझा फारसा विश्वास नव्हता आणि नोंदही होणार नव्हती; पण कागद सुरक्षित झाले आणि तपासाला सवड मिळाली. ही सवड नसती तर पुढचे दोन चांगले निर्णय झाले नसते, एवढं नक्की.

तपास: एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या

बोर्ड बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, पायथन ३.७ चं ३.११ झालं आणि लायब्ररी नव्याने बसवली जात होती. "लायब्ररी चालत नाही" या एका वाक्यात चार वेगळी भांडणं होती. ती सुटी केली तेव्हा चित्र असं दिसलं.

पहिला एरर पिपचा, म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाचा: ही सिस्टिम बाहेरून सांभाळली जाते, इथे पॅकेज बसवता येणार नाही. बुकवर्मपासून हा नियम आहे. सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका कामाच्या लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा) करावं, हा त्याचा हेतू. मुलाने त्यावर ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा पर्याय लावून पुढची वाट काढली होती. त्या पर्यायाचं नावच इतकं स्पष्ट असताना तो सर्रास का सुचवला जातो, देव जाणे.

दुसरा एरर अ‍ॅडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या जुन्या डीएचटी लायब्ररीचा. ही लायब्ररी तिच्या कर्त्यांनीच केव्हाच निवृत्त केली आहे, तरी जुन्या प्रोजेक्टांत ती हटकून सापडते. बसवताना ती सीपीयूची माहिती वाचून ठरावीक चिपांची नावं शोधते. नाही सापडली तर हा पाय आहे की बीगलबोन हा दुसरा बोर्ड ते कळत नाही म्हणून थांबते. तिला जबरदस्तीने 'पाय समज' असं सांगता येतं. मुलाने तेही केलं. बसली. पण स्क्रिप्ट चालवल्यावर पुन्हा 'अनोळखी प्लॅटफॉर्म'. मग त्याने लायब्ररीची फाइल उघडून, हा पाय ३ आहे असं तिच्या तोंडी घातलं. त्यावर तिसरा एरर: पिनांपर्यंत (बोर्डावर सेन्सर आणि रिले जिथे जोडतात त्या टोकांपर्यंत) पोचता येत नाही.

खरी मेख या तिसऱ्या एररमध्ये होती. पाय ४ पर्यंत त्या चाळीस पिना मुख्य चिपच्याच ताब्यात असत. जुन्या लायब्रऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला बगल देऊन मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर थेट लिहीत-वाचत. पाय ५ मध्ये पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि ती चिप मुख्य प्रोसेसरला पीसीआय एक्स्प्रेस या वेगळ्या दुव्याने जोडलेली आहे. जुन्या पत्त्यावर आता कोणी राहतच नाही. रिलेसाठी वापरलेली, पिना चालू-बंद करणारी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी याच कारणाने 'पेरिफेरलचा बेस अ‍ॅड्रेस ठरवता येत नाही' म्हणत होती. नाव बदलून, फाइल खोडून हे सुटणारं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे मी दोन दिवस चुकीच्याच दाराशी बसलो होतो?" दार चुकीचं नव्हतं. प्रत्येक एरर खरं तेच सांगत होता. फक्त पहिले दोन एरर परवानगीचे आणि ओळखीचे होते, तिसरा हार्डवेअरचा होता, आणि तिघांनाही एकच औषध दिलं जात होतं: जबरदस्ती.

समोरचे पर्याय

पर्याय एक, जुना पाय ३ कुठूनतरी मिळवून जुनं कार्ड त्यात घालणं. अर्ध्या तासाचं काम. काकांना हाच पटत होता. पण तो बोर्ड पुढच्या पावसाळ्यात गेला तर पुन्हा हेच, आणि उघडलेला पाय ५ दुकान परत घेत नव्हतं.

पर्याय दोन, अ‍ॅडाफ्रूटचीच नवी, सर्किटपायथनवाली लायब्ररी. ती आम्ही चालवून पाहिली. वाचन येत होतं, पण मधूनच 'चेकसम जुळत नाही', मधूनच 'पूर्ण बफर मिळाला नाही', म्हणजे आकडा बिघडलेला किंवा अर्धवट. डीएचटी२२ चा स्वभाव असा की तो ४० बिट एका वायरवरून सोडतो आणि शून्य की एक हे फक्त पल्सच्या लांबीवरून ओळखायचं असतं: साधारण २६ ते २८ मायक्रोसेकंद म्हणजे शून्य, ७० म्हणजे एक. पायथन आणि लिनक्स दोघेही मध्येच दुसऱ्या कामाला जातात; तेवढ्यात पल्स निघून गेलेला असतो. भरीला पाय ५ वर त्या चाळीस पिना सिस्टिमला आधी 'जीपीआयओचिप ४' या नावाने दिसत, नंतरच्या कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) ते नाव 'जीपीआयओचिप ०' झालं. त्यामुळे नेटवरची अर्धी उत्तरं एका कर्नलला लागू आणि अर्धी दुसऱ्याला.

पर्याय तीन, सेन्सरच बदलून आय-टू-सी (चिपांनी आपसात बोलायची दोन तारांची पद्धत) वाला घेणं. तिथे वेळेचं गणित सेन्सर आणि हार्डवेअर आपापसात बघतात, पायथनला घाई नसते. नमुन्याला एका दुकानातून बीएमई२८० म्हणून मॉड्यूल आणलं. त्या तारांवर ते हेक्स (सोळाच्या पायावरची मोजणी) ७६ या पत्त्यावर व्यवस्थित दिसलं, पण लायब्ररी म्हणाली, चिप आयडी हेक्स ५८. बीएमई२८० चा आयडी ६० असतो. ५८ हा बीएमपी२८० चा. त्याला दाब आणि तापमान कळतं, आर्द्रता कळतच नाही, आणि आम्हाला हवी ती आर्द्रताच. बोर्डावर दोन्ही नावं छापलेली असतात, त्यामुळे छपाईवर जाऊन उपयोग नाही. भिंग धरून चिपचं धातूचं झाकण बघावं: बीएमई चौरस असतो, बीएमपी किंचित लांबट. दुकानदाराचं म्हणणं, "साहेब, टेम्परेचर तर दाखवतंय ना?" दाखवत होतं, खरं आहे. आणखी एक, आय-टू-सी मुळात एका बोर्डावरच्या चिपांसाठी आहे. खोलीच्या पार टोकापर्यंत तारा नेल्या की सिग्नल ढेपाळतो. तीन कोपऱ्यांसाठी हा पर्याय तिथेच मागे पडला.

पर्याय चार, लिनक्स कर्नलमधलाच डीएचटी११ ड्रायव्हर. नावात ११ असलं तरी तो २२ ही वाचतो. पल्स मोजायचं काम कर्नल इंटरप्टवर, म्हणजे सिग्नल बदलताच हातातलं काम थांबवून, करतो आणि पायथनला फक्त एक फाइल वाचायची असते. कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक पिनसाठी एक ओळ, बस्स. बुकवर्ममध्ये ही फाइल बूट फोल्डरातून त्याखालच्या फर्मवेअर फोल्डरात गेली आहे. जुन्या जागी लिहून 'काहीच होत नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

पाचवा पर्याय प्रत्येक कोपऱ्यात एकेक ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा बोर्ड) बसवून वाय-फायवरून आकडे पाठवण्याचा. तांत्रिकदृष्ट्या मला तो सगळ्यात आवडला असता. पण तीन नवे बोर्ड, तीन अ‍ॅडॉप्टर, जुन्या इमारतीच्या जाड भिंती आणि सांभाळायला कोणी नाही. राखून ठेवला.

चौथ्यावर शिक्कामोर्तब केलं. कारण साधं: त्यात बाहेरची लायब्ररीच उरत नव्हती.

काय केलं

मुलाने मेहनतीने तयार केलेलं कार्ड सोडवत न बसता पुसलं आणि बुकवर्म नव्याने टाकली. त्याला वाईट वाटलं. पण जबरदस्तीने काय काय बसलंय हे शोधण्यापेक्षा कोरं कार्ड स्वस्त.

आधी एकच सेन्सर, अगदी बोर्डाजवळ, आखूड वायरने. ड्रायव्हर चालू झाला, आर्द्रतेची फाइल वाचली: ७१४००. कर्नल टक्क्यांचा हजारावा भाग देतो, म्हणजे ७१.४. हे भागायचं राहिलं असतं तर ६२ च्या अटीने रिले जन्मभर चालू राहिला असता. मग भिंतीतल्या जुन्या वायरींवर एकेक सेन्सर जोडला. पहिला चालला. दुसरा चालला. तिसरा, खिडकीकडचा, दर काही वाचनांनी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असा एरर देऊ लागला आणि कर्नलच्या लॉगमध्ये ओळ येई की सिग्नलचे पुरेसे चढउतार सापडले नाहीत. ४० बिटांसाठी ऐंशीवर चढउतार मोजावे लागतात, आणि काही मध्येच हरवत होते.

इथे 'कर्नल ड्रायव्हर पाय ५ वर नीट चालत नाही' असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. त्याऐवजी पहिल्या आणि तिसऱ्या जागेचे सेन्सर आपापसात बदलले. दोष सेन्सरबरोबर गेला नाही, जागेवरच राहिला. म्हणजे सेन्सर ठीक, लायब्ररी ठीक, वायर संशयित.

पण मग ही वायर इतकी वर्षं चालली कशी? जुनं कार्ड लॅपटॉपला लावून सीएसव्ही उघडली. स्क्रिप्ट प्रत्येक सेन्सरची वेळ वेगळी लिहीत होती. पहिले दोन आकडे क्रॉनच्या मिनिटानंतर काही सेकंदांतच. तिसरा बरेचदा दहा, चौदा, वीस सेकंदांनी. आणि रिले चालू असलेल्या ओळींत हा उशीर आणखी वाढलेला. जुन्या लायब्ररीतलं 'पुन्हा प्रयत्न' करणारं फंक्शन वाचन फसलं तर दोन-दोन सेकंद थांबून पंधरा वेळांपर्यंत प्रयत्न करतं आणि एकदा जमलं की तेवढंच सांगतं. आधीच्या फसलेल्या वाचनांचा कुठे उल्लेख नाही. वायर पहिल्यापासून आजारी होती. लायब्ररी तिची बाजू सांभाळून घेत होती.

वायरमनला बोलावून केसिंग-पट्टी उघडली. आत सेन्सरची बारीक तीन पदरी वायर आणि डीह्युमिडिफायरची २३० व्होल्टची लाइन, दोन्ही एकमेकांना चिकटून खिडकीपर्यंत गेलेल्या. वायरमन म्हणाला, "पट्टी एकच होती, त्यात दोन्ही बसल्या, मग दुसरी कशाला?" सुरक्षेच्या दृष्टीनेही हे धोक्याचं होतं. सेन्सरची वायर काढून समोरच्या भिंतीवरून वेगळ्या पट्टीतून नेली, शील्डवाली घेतली आणि सेन्सरच्या टोकाला डेटा व ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (सिग्नल वर ओढून धरणारा) जोडला.

राहिला रिले. आरपीआय-जीपीआयओच्या जागी त्याच नावाने चालणारी आरपीआय-एलजीपीआयओ आहे. जुना कोड न बदलता चालवायचा तर ती बरी, फक्त दोन्ही एकत्र बसवू नयेत. आम्ही सिस्टिमबरोबर येणारी जीपीआयओ-झीरो लायब्ररी घेतली. पहिल्या चाचणीत रिले टक करून लागला आणि पुढच्या क्षणी टक करून सुटला. कोडमध्ये काही चूक दिसेना. कारण जुन्या पद्धतीत होतं: क्रॉन स्क्रिप्ट चालवी, ती पिन चालू करून संपे, आणि जुन्या लायब्ररीत पिन तशीच राही. जीपीआयओ-झीरो प्रोग्रॅम संपताना पिना मोकळ्या करते. म्हणून क्रॉन काढून सतत चालणारी सिस्टमडी (लिनक्समध्ये मागे चालणारी कामं सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हिस केली, बंद पडली तर आपोआप उठणारी. फसलेलं प्रत्येक वाचन आता वेगळ्या रकान्यात मोजलं जातं, आणि सलग अर्धा तास एकही आकडा आला नाही तर रिले चालूच राहतो. कागदांच्या बाबतीत जास्त कोरडं चालतं, ओलं चालत नाही, हा ग्रंथपाल बाईंचा निर्णय.

निकाल

तिन्ही सेन्सर चालू आहेत. खिडकीकडच्या सेन्सरची फसलेली वाचनं पूर्ण गेली नाहीत, पण तुरळक झाली, आणि डीह्युमिडिफायर चालू असताना वाढत नाहीत. स्क्रिप्टला आता पिपमधून काहीही लागत नाही. खोली पावसाळाभर बहुतेक वेळ ५५ ते ६२ च्या पट्ट्यात राहिली.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. आकडे येतात म्हणजे खरे असतात असं नाही. डीएचटी२२ ची अचूकता कागदावर अधिक-उणे दोन टक्के; वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलेल्या सेन्सरला ती लागू होईलच असं नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ आणि ते जेमतेम ओलं होईल एवढंच पाणी ठेवलं की आतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर स्थिरावते. एकेक सेन्सर रात्रभर त्या डब्यात, मिठाला न टेकता ठेवला. दोघे ठीक निघाले. एकाने ८१ दाखवली. तो बदलला.

वेगळं काय करता आलं असतं

बोर्ड निवडतानाच अर्धं काम वाचलं असतं. या कामाला पाय ५ ची ताकद लागतच नाही. पाय ४ किंवा झीरो २ डब्ल्यू घेतला असता तर पिना मुख्य चिपवरच राहिल्या असत्या आणि पॉवर सप्लायही लहान चालला असता. दुकानात जाण्याआधी बोर्डाचं नाव आणि कार्डावरची सिस्टिम कुणाला तरी विचारायला हवी होती, हे काकांनीच बैठकीत सांगितलं.

कर्नल ड्रायव्हर हा सर्व सेन्सरांवरचा तोडगा नाही. ज्या सेन्सरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि आवृत्त्यांची यादी असलेली फाइल, हाच मार्ग. वायरी लांब आणि खोल्या अनेक असतील तर मी ईएसपी३२ चा पर्याय आधी घेईन. इथे तो मागे ठेवला तो सांभाळणारं कोणी नव्हतं म्हणून. आता तो मुलगा आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या मासिकांच्या खोलीसाठी त्याने ईएसपी३२ वर काम सुरू केलं आहे.

कार्डाची पूर्ण प्रत आता संस्थेच्या कपाटात आहे, सोबत एक पानी कागद: बोर्ड, सिस्टिमची आवृत्ती, कोणता सेन्सर कोणत्या पिनवर, कोणती पट्टी कुठून जाते. बोर्डासाठी छोटा यूपीएस घ्यायचा की नुसता सर्ज प्रोटेक्टर, यावर ट्रस्टींचं अजून एकमत झालेलं नाही.